स्वखुशीने

पदम दाजूंचा हसरा फोटो जगात एकच आहे, आणि तो भूतानमधल्या कुठल्यातरी सरकारी कपाटात पडला असेल. बाकी एकाही फोटोत हा माणूस हसलेला नाही. आमच्या डायनिंग हॉलच्या मागच्या भिंतीवर सगळ्या स्टाफचे फोटो लावलेत. त्यात मी अशी दात काढून हसतेय, जणू मला भांडी घासायचं काम नाही, लॉटरी लागलीय. माझ्या शेजारी दाजू. रापलेला चेहरा, बारीक डोळे, आणि ओठ शिवून टाकल्यासारखे मिटलेले. आमची सुपरवायझर ब्रेंडा, तिने तो फोटो तीनदा काढला. "स्माइल, पदम, स्माइल!" तिसऱ्यांदा दाजू म्हणाले, "आय वॉश डिश. डिश नॉट आस्क स्माइल." ब्रेंडा पोट धरून हसली आणि तसाच फोटो लावून टाकला.

त्या न हसण्याचं कारण मला चार वर्षांनी कळलं. कळलं तेव्हा माझंही हसणं थोडं कमी झालं.

आधी माझं सांगते, थोडक्यात. मी नववीतून शाळा सोडलेली बाई. नणंद अमेरिकेची नागरिक. तिने भावासाठी अर्ज केला, तो बारा-तेरा वर्षांनी मंजूर झाला आणि आम्ही नवरा-बायको पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावी येऊन पडलो. गाव म्हणजे एक विद्यापीठ आणि त्याच्या भोवती जेवढं लागतं तेवढं. नवरा एका रेस्टॉरंटात स्वयंपाकी, मी विद्यापीठाच्या डायनिंग हॉलमध्ये डिश रूमला. पोरं जेवून ट्रे पट्ट्यावर ठेवतात, पट्टा भिंतीतल्या खिडकीतून आत येतो, आत आम्ही. एकाने उष्टं काढायचं, दुसऱ्याने पाण्याचा फवारा मारून ताटं रॅकमध्ये लावायची, रॅक मशीनमध्ये. पट्टा थांबत नाही, म्हणून आम्हीही नाही.

आल्यापासून मी भिऊन असायचे. टपालात सरकारचं खिडकीवालं पाकीट दिसलं तरी ते उघडायला मी नवऱ्याची वाट बघायचे. त्यामुळे दिवसभर सगळ्यांना थँक यू. ब्रेंडाने वेळापत्रक दिलं, थँक यू. ड्रायव्हरने बस थांबवली, थँक यू. पट्टा बिघडला आणि दुरुस्त करणारा आला, त्याला चारदा थँक यू. दाजू फवारा मारता मारता ऐकत असायचे. एक दिवस म्हणाले, "बहिनी," नेपाळीत धाकट्या बहिणीला असंच म्हणतात, आणि थोरल्या भावाला दाजू, "तू इथे काम करतेस की चोरी करतेस?"

"का हो?"

"चोर सुटला की एवढे थँक यू म्हणतो."

आमचं बोलणं हिंदीत चालायचं. माझी हिंदी मोडकी, त्यांची त्याहून मोडकी, निर्वासितांच्या छावणीत सिनेमे बघून शिकलेली. मी इथे मराठीतच लिहिते.

दाजू मूळचे दक्षिण भूतानचे, घरात नेपाळी बोलणारे. त्यांचे पणजोबा तिथे जंगल तोडून राहिलेले. डोंगरउतारावर बापाची संत्र्याची बाग होती. बाविसाव्या वर्षी सगळं कुटुंब देशाबाहेर काढलं गेलं. तिथून नेपाळमधल्या छावणीत बांबूच्या झोपडीत अठरा वर्षं, आणि मग अमेरिकेने घेतलं म्हणून इथे. एवढं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, बसच्या वेळा सांगाव्यात तसं.

त्यांचा एक शब्द आमच्या डिश रूममध्ये सगळ्यांच्या तोंडी बसला होता. कुणी काहीही म्हटलं की दाजू विचारायचे, "कागज छ?" कागद आहे का? ब्रेंडा म्हणाली, उद्या गर्दी कमी असेल. "कागज छ?" मी म्हटलं, नवरा म्हणतो पुढच्या वर्षी भारतात जाऊ. "कागज छ?" काळे-गोरे सगळे भांडीवाले एकमेकांना हेच विचारत सुटले होते.

त्यांचे स्वतःचे कागद एका निळ्या बिस्किटाच्या डब्यात असत. तीन प्लास्टिकच्या पिशव्या, आत डबा. तो रोज कामावर यायचा आणि लॉकरमध्ये नाही, डोळ्यांसमोर मशीनच्या वरच्या फळीवर बसायचा. एका जानेवारीत फायर अलार्म वाजला. ड्रिल होतं, पण आम्हाला कुठे माहीत. सगळे होते तसे बाहेर पळालो, बर्फात. कुणाच्या अंगात कोट नाही, पायात ओले रबरी बूट. दाजू सगळ्यात शेवटी आले. अंगात ओला एप्रन, दात कडकड वाजतायत आणि छातीशी डबा. ब्रेंडा ओरडली, "पदम! तुझा कोट कुठाय?"

"कोट दुकानात मिळतो," दाजू म्हणाले.

त्या दिवशी मी विचारलं, एवढं काय आहे हो डब्यात. त्यांनी जेवणाच्या सुटीत उघडून दाखवला. वरच दोन पिवळ्या पडलेल्या पावत्या होत्या, शेतसाऱ्याच्या, त्यांच्या बापाच्या नावाच्या. एक सत्तावन्न सालची, एक एकोणसाठ सालची. भूतानमध्ये एकदा शिरगणती झाली तेव्हा दारात आलेल्या माणसांनी अठ्ठावन्न सालची पावती मागितली. नेमकी अठ्ठावन्नची. ती असेल तर तुम्ही त्या देशाचे, नसेल तर परके. अठ्ठावन्नची पावती गळक्या छपराखाली भिजून गेली होती. बापाने आधीची दाखवली, नंतरची दाखवली. म्हणाला, साहेब, सत्तावन्नला मी इथे होतो, एकोणसाठला इथे होतो, मधल्या वर्षी काय उडून गेलो होतो? साहेबांनी लिहिलं, परका.

"त्या दिवसापासून मी कागद टाकत नाही," दाजू म्हणाले. खरंच टाकत नसत. डब्यात बसची तिकिटंसुद्धा होती.

पण डब्याचा खरा मालक दाजू नव्हते. अर्ध्याहून जास्त कागद मोहनचे होते. मोहन त्यांचा धाकटा भाऊ. घर सुटलं तेव्हा सहा वर्षांचा, दाजूंच्या पाठीवर बसून सीमा ओलांडलेला. आई-बाप छावणीतच वारले, त्यामुळे दाजू त्याचे भाऊ कमी आणि आई जास्त. इथे आल्यावर दुसऱ्याच वर्षी मोहनने दारूच्या भरात एका दुकानाच्या पार्किंगमध्ये मारामारी केली. सरकारने दिलेला वकील म्हणाला, गुन्हा कबूल आहे अशी सही कर, आज घरी जाशील. मोहनने सही केली आणि घरी आला. त्या सहीने त्याचं ग्रीन कार्ड गेलं हे दोन वर्षांनी समजलं. दाजू रीतसर नागरिक झाले. मोहन मात्र कुणाचाच नाही. बाहेर काढायचा हुकूम निघालेला, पण काढणार कुठे, भूतान तर आपला मानत नाही. म्हणून दर वर्षी एका कचेरीत हजेरी लावायची आणि परत यायचं. दर वर्षी दाजू त्याच्याबरोबर जायचे, डबा घेऊन.

"मला दुसरं काही नको," ते म्हणायचे. "माझ्या मोहनचं नाव एका देशाच्या यादीत असू दे. कुठल्याही. मी मरायच्या आत."

एक संत्र्यांचं सांगायचं राहिलं. पोरं अख्खी संत्री घेतात आणि न सोलता ट्रेवर ठेवून देतात. नियम असा की खिडकीतून आत आलेलं सगळं कचऱ्यात. दाजू प्रत्येक संत्रं हातात घेत, एप्रनला पुसत, वास घेत, म्हणत, "पाण्याचं आहे. आमच्याकडे हे गुरं खात नाहीत," आणि मग टाकत. टाकताना कचऱ्याच्या डब्यात वाकून हळूच खाली ठेवत. मी सहा वर्षांत त्यांना संत्रं फेकताना पाहिलं नाही.

आता मी केलेली चूक.

आमच्या हॉलमध्ये अनिकेत नावाचा एक पुण्याचा मुलगा यायचा. अर्थशास्त्रात पीएचडी करणारा, गोड पोरगा. खिडकीतून वाकून "मावशी, आज काय आत पाठवू? उष्टं की खरकटं?" असली थट्टा करायचा. एका डिसेंबरात तो थेट मागच्या दाराशी आला.

"मावशी, तुमचे ते दाजू भूतानचे ना? भूतान लिस्टमधून बाहेर पडलं, यार! हिस्टॉरिक आहे हे!"

"कसली लिस्ट?"

मग त्याने समजावून सांगितलं. जगातल्या सगळ्यात मागे पडलेल्या देशांची एक यादी असते. त्या यादीतल्यांना थोड्या सवलती मिळतात. दर तीन वर्षांनी तपासणी होते. दरडोई उत्पन्न किती, शाळा-दवाखाने कसे, संकट आलं तर टिकाव धरतील का. लागोपाठ दोनदा पास झालं की यादीतून नाव काढतात. फार थोडे देश आजवर पास झालेत. आणि भूतानने तर आनंद मोजायचं गणित काढलंय म्हणे. "मावशी, ते लोक हॅपिनेस काउंट करतात, थिंक अबाउट इट!" नव्या टर्ममध्ये त्यांच्या डिपार्टमेंटला या विषयावर कार्यक्रम होता. एखादा भूतानी माणूस व्यासपीठावर असता तर किती बरं झालं असतं.

"आमचे दाजू आहेत ना!" मी म्हटलं. मीच म्हटलं.

मला वाटलं, केवढी आनंदाची गोष्ट. माझ्या आयुष्यात पास होण्याचे पेढे मी फक्त दुसऱ्यांचे खाल्लेत. रविवारी दुधाची पावडर आणि रिकोटा चीज आटवून चाळीस पेढे वळले. एकेकावर केशराची काडी. सोमवारी डबा दाजूंपुढे धरला.

"कोण पास झालं?" त्यांनी विचारलं. "नणंदेचा मुलगा?"

"तुमचा देश!"

त्यांनी उचललेला पेढा हातात तसाच राहिला. मी अनिकेतने सांगितलेलं सगळं भरभर सांगितलं. यादी, तपासणी, दोनदा पास. दाजूंनी पेढा परत डब्यात ठेवला, होता त्याच जागी, केशर वर करून.

"कागज छ?" एवढंच म्हणाले. त्यात थट्टा नव्हती.

तरी ते कार्यक्रमाला गेले. का, ते मला जाताना कळलं. त्यांना वाटलं, एवढ्या मोठ्या विद्यापीठात भूतानवर बोलणारी मोठी माणसं येणार, त्यांच्यातल्या कुणाची तरी तिथे ओळख असेल. मोहनचे कागद ते प्लास्टिकच्या फायलीत लावून आले होते. अंगात कोट, टाय, डोक्याला तेल.

दाराशीच अनिकेत हसत उभा. हातात एक पट्ट्यापट्ट्यांचा झगा. भूतानी पुरुषांचा पोशाख, कुठूनतरी भाड्याने आणलेला. "अंकल, हे घालाल का स्टेजवर? फॉर द फोटोज."

मी दाजूंकडे पाहिलं आणि हादरले. त्यांच्या बापाला बाजारात हाच झगा अंगात नव्हता म्हणून अडवून दंड केला होता. आपला नेपाळी दौरा-सुरुवाल घालणारा म्हातारा, सगळ्या गावादेखत. त्या काळी तसा कायदाच काढला होता. ही गोष्ट मला माहीत होती. मला माहीत होती आणि मी अनिकेतला सांगितली नव्हती.

"मी माझा कोट घातलाय," दाजू म्हणाले आणि आत जाऊन बसले.

मी मागे खाण्याच्या टेबलाशी होते, माझ्याच पेढ्यांच्या ताटापाशी. एक प्रोफेसर बोलले. तिथे दोन वर्षं राहून आलेले, सज्जन, मऊ आवाजाचे. पडद्यावर डोंगर, मठ, हसरी मुलं, आणि वर वर चढत जाणाऱ्या रेघा. मग म्हणाले, आज आपल्यात भूतानचे एक सुपुत्र आहेत, त्यांच्या भावना ऐकू या.

दाजू उठले. मोडक्या इंग्रजीत सुरू झाले, मग अनिकेतला म्हणाले, मी हिंदीत बोलतो, तू यांना इंग्रजीत सांग.

"ती जी रेघ आहे, माणशी उत्पन्नाची, ती कशी काढतात?"

अनिकेत म्हणाला, "एकूण उत्पन्न भागिले माणसं, अंकल."

"सगळी माणसं?"

"हो. म्हणजे, देशातली."

"लाखाच्या घरात माणसं आधी बाहेर काढली. त्यात मी, माझा बाप, माझी आई, हा माझा भाऊ." त्यांनी फाईल वर धरली. "आमची संत्री तिथे राहिली. बाग उत्पन्नात मोजली. आम्हाला माणसांत मोजलं नाही. यांना विचार, ही रेघ आमच्यासकट काढली तर कुठपर्यंत जाते?"

अनिकेतचा चेहरा उतरला, पण त्या पोराने एक शब्द न गाळता इंग्रजीत सांगितलं. तेवढं मी त्याच्या नावावर लिहिते. प्रोफेसरांनी पडद्यावरच्या रेघेकडे एकदा वळून पाहिलं. मग म्हणाले, हा फार महत्त्वाचा प्रश्न आहे, पण आजच्या आकडेवारीच्या कक्षेत तो येत नाही. तुम्ही तुमचा अनुभव सांगितलात, त्याबद्दल थँक यू.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मनापासून, डोळे ओले करून वाजवल्या. मग सगळे खाण्याच्या टेबलाकडे आले आणि पेढ्यांना डिलिशस म्हणाले. मला ताट उचलून भिंतीवर मारावंसं वाटलं. त्याऐवजी मी काय केलं? थँक यू, थँक यू म्हणत नॅपकिन वाटले.

परतताना कॅम्पसच्या बसमध्ये दाजू फाईल मांडीवर ठेवून बसले होते. ती कुणी उघडूनही पाहिली नव्हती.

"टाळ्या कशाला वाजवल्या?" त्यांनी विचारलं. "मी नाचलो होतो का?"

मी म्हटलं, "दाजू, माझं चुकलं. मला वाटलं देश पास झाला म्हणजे..."

"देश कसा पास झाला ते तुला कळलं नाही अजून? वर्गात कच्ची मुलं असतात. परीक्षेच्या आधी त्यांना घरी पाठवायचं. मग सगळा वर्ग पास." मग सहज विचारावं तसं विचारलं, "तू का सोडलीस शाळा?"

मी नेहमीचं उत्तर दिलं. घरची अडचण होती. हेडमास्तर मात्र फार चांगले. स्वतः घरी आले, वडलांना समजावून सांगितलं, दाखला हातात आणून दिला, एक हेलपाटा पडू दिला नाही.

"कागज छ?"

होता. माझ्याकडे शाळेचा तेवढा एकच कागद आहे, लॅमिनेशन करून जपलेला. दुसऱ्या दिवशी घेऊन गेले. नेपाळी आणि मराठीची अक्षरं एकच, त्यामुळे दाजू सुटीत बोट फिरवत एकेक ओळ वाचत गेले. नाव, जन्मतारीख, इयत्ता, वर्तणूक चांगली. शाळा सोडण्याचं कारण या रकान्यावर बोट थांबलं.

"पालकांच्या विनंतीवरून," त्यांनी मोठ्याने वाचलं. "तुझ्या बापाने विनंती केली होती?"

बापाने विनंती केली होती, पण ती मला ठेवून घ्या म्हणून. ओसरीवर, हात जोडून. मी दाराआडून पाहत होते. हेडमास्तर म्हणाले होते, पोरगी गणितात निघणार नाही, उगाच शाळेच्या निकालाला बट्टा. आम्ही त्या वर्षी सहा जण गेलो. दोन वर्षांनी शाळेच्या फाटकावर फलक लागला, दहावीचा निकाल शंभर टक्के. सत्कार झाला, आमदार आले, पेढे वाटले. मी गर्दीत होते. मीही टाळ्या वाजवल्या. पेढा खाल्ला. आणि तेव्हापासून वीस-बावीस वर्षं मी त्या माणसाला चांगला म्हणत आले होते, कारण त्याने दाखला घरपोच दिला!

दाजूंनी दाखला पुसून परत दिला आणि डब्याच्या तळातून एक घडी काढली. छायाप्रत होती, भूतानी लिपीतली, मजकूर मला वाचता येईना.

"आम्हाला काढलं तेव्हा ही सही घेतली. यात लिहिलंय, मी माझ्या स्वखुशीने देश सोडून जात आहे. बापाची सही, खाली माझी. मग रांगेत उभं केलं फोटोला. म्हणाले, हसा. बाप हसेना, तर शिपायाने बंदूक नुसती इकडून तिकडे हलवली. मग हसलो. सगळे हसलो. मोहन तर खरंच हसला, सहा वर्षांचा, त्याचा पहिलाच फोटो." त्यांनी घडी परत घातली. "म्हणून आता नाही हसत. एकदा पुरे."

पट्टा सुरू झाला. त्या दिवशी मी ताटं अशी आपटली की ब्रेंडाने येऊन विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही. सॉरी म्हटलं नाही. पहिल्यांदाच.

हे सगळं मी आत्ता का लिहितेय, तर मोहनसाठी.

गेल्या वर्षीच्या वसंतात तो नेहमीसारखा हजेरीला गेला. दाजू बाहेर बाकावर डबा घेऊन बसले. दुपारपर्यंत मोहन बाहेर आला नाही. आतल्या बाईने सांगितलं, त्याला ठेवून घेतलंय. दाजूंनी डबा उघडला, काउंटरवर एकेक कागद मांडला. ती म्हणाली, सर, हे माझ्या हातात नाही. अनिकेत धावत आला, वकील शोधला, रोज फोन केले. त्या पोराने स्वतःचं काम सोडून केले. काही उपयोग झाला नाही. काही दिवसांनी कळलं की मोहनला विमानात घातलं. कुठे? भूतानला. ज्या देशाने तो आमचा नाही असं लिहून दिलं होतं, त्याच देशाने या वेळी येऊ दिलं म्हणे.

दाजू त्या दिवशी कामावर आले. मला म्हणाले, "घेतलं त्यांनी त्याला. पास झालाय ना देश. आता मोठं मन झालं असेल." त्यांच्या आवाजात आशा होती. ती ऐकून मला भीती वाटली, कारण इतक्या वर्षांत मी ती ऐकलीच नव्हती.

तिसऱ्या दिवशी अनोळखी नंबरवरून फोन आला. पट्टा चालू होता, दाजूंनी ओल्या हाताने उचलला. मोहन नेपाळातून बोलत होता. उतरल्यावर विचारपूस केली, एक दिवस ठेवलं, गाडीत घालून सीमेवर आणलं आणि सोडून दिलं. भारतातून कसाबसा नेपाळात पोचला. आता त्याच जुन्या छावणीत आहे, जिथे लहानाचा मोठा झाला. तिथले पोलीस विचारतात, तुझे कागद कुठायत?

सगळे कागद इथे होते. मशीनवरच्या फळीवर.

दाजूंनी फोन खिशात ठेवला. पट्ट्यावरून एक संत्रं आलं. त्यांनी ते उचललं, पुसलं नाही, वास घेतला नाही. जोरात कचऱ्याच्या डब्यात फेकलं. पत्र्याचा आवाज झाला तसे आम्ही सगळे वळलो. मग दुसरं. मग तिसरं. ब्रेंडा दारात आली, पाहिलं, आणि परत गेली.

महिन्याभरात त्यांनी नोकरी सोडली. नेपाळला जातो म्हणाले, मोहनपाशी. परत कधी येणार विचारलं तर म्हणाले, "त्याचं नाव कुठे लागेल तेव्हा." नेपाळही त्या यादीतून बाहेर पडायच्या रांगेत आहे, असं अनिकेतने सांगितलं होतं. दाजू म्हणाले, "मग तर घाई केली पाहिजे. परीक्षा जवळ आली की मुलं घरी पाठवतात."

माझा नवरा म्हणतो, हे लिहू नकोस. आपण ग्रीन कार्डवर आहोत, कशाला नसती आफत. तो चुकीचं म्हणत नाही. मी अजूनही भिते. खिडकीवाल्या पाकिटाला तर आता पहिल्यापेक्षा जास्त भिते. या देशाचे उपकार आहेत, नणंदेचे आहेत, ते मी विसरत नाही. पण माणसाला उचलून बाहेर ठेवायचं आणि वर त्याच्याकडून हसून घ्यायचं, याचे उपकार कुणी सांगू नयेत. मी नाही मानणार. आता नाही.

बस स्टँडवर सोडायला मी आणि अनिकेत गेलो होतो. सकाळचं ऊन होतं. दाजूंच्या अंगात तोच कार्यक्रमातला कोट, एका हातात बॅग, बगलेत तीन पिशव्यांतला निळा डबा. अनिकेत त्यांच्या पाया पडला.

"कागद सगळे घेतले ना?" मी विचारलं.

"घेतले. तुझा दाखला जपून ठेव, बहिनी. कुणी विचारलं तर तो रकाना दाखव आणि खरं काय ते सांग."

मला थँक यू म्हणायचं होतं. जिभेच्या टोकावर आलं होतं. गिळलं. म्हटलं, एक फोटो काढते, दाजू. ते बसच्या दाराशी उभे राहिले, डबा छातीशी धरून. मी फोन वर केला, आणि सवयीने तोंडातून निघणार होतं ते थांबवलं.

"दाजू," मी म्हटलं, "हसू नका."

ते कॅमेऱ्याकडे बघत राहिले. मी फोटो काढला. ड्रायव्हरने हॉर्न दिला.